ताट वाढायला अमेरिकेला

अमेरिकेहून परत आल्यावर पहिली काही वर्षं मी तिथल्या गोष्टी इतक्या सांगितल्या, की मराठी मंडळाच्या कार्यक्रमात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. सांगून भूक भागत होती, म्हणून लिहायचं राहून गेलं. आता तेव्हाचे ऐकणारे बरेचसे गेले, उरलेल्यांना कमी ऐकू येतं, आणि मला आवरणारं कुणी नाही. तेव्हा लिहिते.

हकीकत पन्नासच्या दशकातली आहे. तिच्यात एक मुलगी आहे. वय बावीस, दोन वेण्या, नाकावरून घसरणारा चष्मा, आणि आपण थोर कलावंत आहोत याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नाही. ती मुलगी म्हणजे मीच. पण आमचं दोघींचं आता फारसं पटत नाही.

गार्डन रीच

माझे वडील, अण्णा, रेल्वेच्या कचेरीत होते. कलकत्त्याला गार्डन रीचमध्ये, नदीपासून हाकेच्या अंतरावर आमचं क्वार्टर होतं. घरात आई, अण्णा, मी आणि अण्णांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. आत्या नवऱ्यामागे भावाकडे राहायला आली ती पाहुणी म्हणून नव्हे, न्यायाधीश म्हणून. कचेरीत साहेबाशी दोन हात करणारे अण्णा आत्यासमोर आले की त्यांचा आवाज आपोआप अर्धा व्हायचा.

मी तिथल्याच कला महाविद्यालयात शिकले. माझी कीर्ती मात्र कलकत्त्याच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या मखरामुळे झाली. त्या मखरात मोर होते, कमळं होती, हत्ती होते, वेली होत्या, आणि वेलींच्या मधे जिथे बोटभर जागा उरली तिथे ठिपके होते. गणपती शोधावा लागायचा. लोक म्हणाले, "वा, काय भरगच्च काम आहे." मला ते कायमचं बाधलं. पुढे सियालदहजवळच्या एका छापखान्यासाठी केसांच्या तेलाचं लेबल केलं. त्या इवल्याशा चौकोनात मी लक्ष्मी, कमळ, चंद्र, केस सोडून बसलेली बाई आणि हिमालय बसवला. तेलाचं नाव हिमालयाच्या पायथ्याशी होतं, भिंग लावलं तर दिसायचं.

आज माझी नात ज्याला ग्राफिक डिझाइन म्हणते, त्याला आम्ही कमर्शियल आर्ट म्हणायचो आणि आत्या "डब्यावरची चित्रं" म्हणायची. तेच लेबल इतर कामांबरोबर मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला पाठवलं, आणि त्यांनी मला फी माफ करून बोलावलं. मला वाटलं, माझ्या कलेनं त्यांचे डोळे दिपले. पुढे कळलं, की इतकी जोमदार खोड वेळीच मोडली पाहिजे असं तिथल्या एका बाईंचं मत पडलं होतं.

आत्यानं खटला चालवला. "डब्यावरची चित्रं काढायला सातासमुद्रापार कशाला? कलकत्त्यात डबे कमी आहेत का?" हा तिचा मुख्य मुद्दा. अण्णा खाली बघत राहिले आणि मग अर्ध्या आवाजात म्हणाले, की तिला जाऊ द्यावं असं त्यांना वाटतं. आत्याच्या आयुष्यात हा पहिलाच धक्का असावा. तिनं अट घातली. विद्यापीठाच्या पत्रात लिहिलं होतं, की पहिल्या सत्राच्या शेवटी, डिसेंबरात, तीन परीक्षक काम बघतील आणि पुढे ठेवायचं की नाही ते ठरवतील. नाही म्हणाले तर फीमाफी आणि जागा दोन्ही जाणार. तसं झालं, तर पोरगी पुढच्या बोटीनं परत येईल, आणि मग या घरात अण्णा पुन्हा असला हट्ट करणार नाहीत. अण्णांनी शब्द दिला. म्हणजे परीक्षा दोघांची होती, पण त्या थोर कलावंत बाईंना ते निघताना सुचलंसुद्धा नाही. त्या ट्रंकेवर आपलं नाव वेलबुट्टीत रंगवत बसल्या होत्या.

ताग आणि चहा नेणाऱ्या मालवाहू बोटीवर डझनभर उतारूंची सोय असे, तशा एका बोटीनं मी निघाले. खिदिरपूरच्या गोदीवर निरोप अगदी यथासांग झाला. आईनं दही दिलं, आत्यानं गोडा मसाला, लोणचं, पापड आणि उपदेश दिला, अण्णांनी नुसता हात डोक्यावर ठेवला. सगळी रडली. बोट सुटली, गोदीतून नदीत आली, आणि बरोबर गार्डन रीचसमोर भरतीची वाट बघत नांगर टाकून उभी राहिली.

घरची मंडळी घाटावर धावत आली. मी कठड्याशी. पुन्हा हात हलवणं, पुन्हा पदर डोळ्यांना. बोट हलेना. किती वेळ रडणार माणूस? थोड्या वेळानं आई घरी गेली, कुकर नसलेले दिवस, भात करायचा होता. मग अण्णा जेवायला गेले आणि जेवून आत्याला मोकळं करायला परत आले. दुपारी घाटावर कुणीच नव्हतं. आमच्या गच्चीवर आई पापड वाळत घालताना दिसत होती. एकदा तिनं वर बघितलं, मी अजून तिथेच आहे हे पाहून ओशाळवाणा हात केला आणि पुन्हा पापडांकडे वळली. संध्याकाळी बोट खरोखर निघाली तेव्हा हात हलवायला फक्त शेजारच्यांची शेळी होती.

समुद्राबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तो फार मोठा आहे.

ओहायो

ओहायो नावाच्या राज्यातल्या त्या गावात मी पोचले तेव्हा झाडं लाल-पिवळी झाली होती. मिसेस क्लाइन नावाच्या बाईंच्या घरी वरची खोली मिळाली, आणि खोलीत पेग. पेग शेतकऱ्याची मुलगी, माझ्याच वर्गातली, उंच, दणकट, आणि मनात येईल ते तोंडावर बोलणारी. पहिल्या दिवशी तिनं माझी ट्रंक एका हातानं उचलून वर नेली आणि वेलबुट्टीत रंगवलेलं माझं नाव बघून विचारलं, की हा नकाशा कुठला.

खाण्याचे हाल झाले असं लिहायची पद्धत आहे, पण मी खाण्यात कधी मागे नव्हते. मका छान, सफरचंदं छान, लोणी तर घरच्यासारखं. रविवारी मिसेस क्लाइन हिरव्या जेलीत किसलेलं गाजर घालून तिचा थरथरणारा डोंगर टेबलावर आणायच्या. शाकाहारी म्हणून मी तो दोनदा घ्यायचे. जेली कशापासून करतात ते पेगनं मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. आत्याला मी ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही. आता ती जिथे आहे तिथे कळलं असेल तर माझा इलाज नाही.

वर्ग मात्र निराळाच. मुलं टेबलावर बसायची, पाय खुर्चीवर. आठवड्यातून एकदा सगळ्यांचं काम भिंतीवर टाचण्यांनी लावायचं आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या कामाबद्दल बोलायचं. आपल्याकडे तोंडावर "छान" म्हणतात आणि जिन्यात खरं बोलतात. तिथे तोंडावर खरं बोलून मग जिन्यात कॉफी पाजतात. पहिल्यांदा पेग माझ्या कामाबद्दल म्हणाली, की हे बघून तिला जत्रेत हरवल्यासारखं वाटतं. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिला ते कळलंच नाही, कारण त्या दोन दिवसांत तीच एकटी बोलत होती.

आमच्या शिक्षिका मिस हॅडली. वाळलेल्या शेंगेसारख्या सडपातळ, पांढरे केस कापलेले, आणि कोटाच्या खिशात नेहमी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या. भिंतीवरच्या कामापुढे उभ्या राहून त्या एकेक गोष्ट पट्टीनं झाकत. हे झाकलं तर? हेही झाकलं तर? काम सुधारतंय असं वाटलं की पट्टी तिथेच चिकटवून पुढे जात. माझं काम त्यांनी बघितलं की शेवटी भिंतीवर पांढऱ्या पट्ट्याच उरत. हे गाऱ्हाणं मी घरी पत्रात सविस्तर लिहिलं.

डिसेंबरच्या परीक्षेसाठी चार पानांचं घडीचं माहितीपत्रक करायचं होतं, विषय आपल्या मनचा. मी "भारत" घेतला. लहानसहान विषय कशाला घ्या. मुखपृष्ठावर ताजमहाल, त्याच्यापुढे हत्ती, हत्तीवर राजा, बाजूला नाग, वर कमळांची कमान. आता खरं सांगायचं तर मी तोवर ताजमहाल पाहिलेला नव्हता, हत्ती अलिपूरच्या प्राणिसंग्रहालयातला, आणि राजा ओळखीचा एकही नाही. मिस हॅडलींनी बराच वेळ ते न्याहाळलं. त्या दिवशी पट्ट्या काढल्याच नाहीत. नुसतं म्हणाल्या, की असंच राहिलं तर परीक्षक मला ठेवणार नाहीत, आणि तेव्हा त्या माझ्या बाजूनं बोलू शकणार नाहीत, कारण त्यांनाही तेच वाटेल.

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा अण्णांचं तोंड आठवलं. मी परत गेले तर आत्या काही बोलणार नाही. ती नुसती ताटं मांडेल. आणि अण्णा पुन्हा कधीच, कुठल्याच बाबतीत, "मला वाटतं" असं म्हणणार नाहीत.

मिसेस क्लाइन यांचं स्वयंपाकघर

अशा संकटात मराठी माणसानं काय करावं? काम करावं. मी काय केलं? बाईंना जेवायला बोलावलं. पोटातून मार्ग निघेल अशी त्या मुलीची अंधुक आशा असावी. मिसेस क्लाइन बहिणीकडे जाणार होत्या, तो रविवार गाठला.

वरणाला पिवळे वाटाणे मिळाले. लोणी कढवून तूप केलं, त्या वासानं शेजारचा कुत्रा दाराशी येऊन बसला. बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, सुक्या खोबऱ्याची चटणी, आत्याचं लोणचं, आत्याचे पापड, आणि गोड्या मसाल्याची आमटी. पेगनं बटाटे सोलले. मिस हॅडली वेळेवर आल्या आणि ओट्याशीच खुर्ची ओढून बसल्या.

मी फोडणीत गुंतले होते म्हणून पेगनं ताटं वाढायला घेतली. चांगल्या मनानंच. पण वळून बघते तर बटाटे डावीकडे, चटणी उजवीकडे, कोशिंबीर भाताला टेकलेली आणि लिंबाची फोड वरणात. मी तिन्ही ताटं उचलली, स्वच्छ पुसली आणि पहिल्यापासून वाढायला लागले.

"चव बदलते का?" पेगनं विचारलं.

झालं. इंग्रजीत वर्गात ज्या मुलीचे दोन शब्द निघत नसत, तिचा नळ सुटला. मी सांगितलं, की मीठ वर, मधोमध. मिठाशेजारी डावीकडे लिंबू, मग चटणी, मग कोशिंबीर, लोणचं. डावीकडचं सगळं थोडं थोडं, बोटाला लावून खायचं. उजवीकडे भाजी, वाटीत आमटी, कारण ते पोटभर खायचं आणि हात तिथेच असतो. भात मधे, त्याची मूद, मुदीवर वरण, वरणावर तूप. कोशिंबिरीचं पाणी चटणीत जायचं नाही. म्हणून मधे जागा सोडायची. ती जागा रिकामी नसते, ती त्या दोघींच्या भांडणासाठी ठेवलेली असते. आंधळ्या माणसालासुद्धा आपल्या ताटात लिंबू कुठे आहे ते ठाऊक असतं. आणि हे सगळं मी पळी हातात धरून, पेगच्या नाकासमोर नाचवत सांगत होते.

पेग म्हणाली, "बाप रे. म्हणजे लिंबू हलवायचंच नाही?"

"नाही," मी म्हणाले. "लिंबू हलवायचं नाही."

मिस हॅडलींनी आपल्या पुढ्यातलं ताट थोडं दूर सरकवून, मान वाकडी करून बघितलं. भिंतीवरच्या कामाकडे बघायच्या तसंच. मग म्हणाल्या, "ताटात एक लिंबू हललं तर तुला खपत नाही. मग कागदावर सगळं कालवून का ठेवतेस?"

मी काही तरी उत्तर दिलं असेल. आठवत नाही. आमटी तिखट झाली होती एवढं आठवतं. पेगचं नाक लाल झालं, आणि तिनं तीनदा वाढून घेतली.

इथे वाचकांना वाटेल की त्या मुलीला साक्षात्कार झाला. तशी ती लवकर सुधारणारी नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिनं जे पत्रक केलं, त्यात वरती मधोमध एक ठिपका होता, डावीकडे बारीक मजकुराचे चार पुंजके आणि मधे एक गोल. मिस हॅडली म्हणाल्या, की जेवणाचं आमंत्रण म्हणून चांगलं आहे, पण विषय कोणता?

विषय. भारत काही चार पानांत मावेना. मी चहा घेतला. ज्या बोटीनं आले तिच्या पोटात चहाच होता, आणि त्या गावात लोक कागदाची पुडी कोमट पाण्यात बुचकळून त्याला चहा म्हणत. आमच्या घरी चहा कसा करतात एवढंच सांगायचं ठरवलं. जागा आता सापडत होत्या. पण चार पानं होती, एक नव्हे, आणि मी चारही पानांवर चार भरलेली ताटं वाढून ठेवत होते. पहिलं उघडलं की भूकच संपायची.

तेव्हा मला कलकत्त्यातल्या बेहालाच्या माशीमा आठवल्या. माझी मैत्रीण बुला, तिची आई. त्यांच्याकडे मी लहानपणी पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा पानात नुसता भात आणि शुक्तो, म्हणजे कारल्याची कडू भाजी. बाकीचं कुठे आहे म्हणून मी इकडेतिकडे बघायला लागले. आपल्याकडे सगळं एकदम समोर. कोणत्या दिशेला काय, एवढंच बघायचं. बंगाल्यांकडे एकामागून एक. आधी कडू, मग डाळ, मग बाकीचं, मग चटणी, सगळ्यात शेवटी मिष्टी, म्हणजे गोड. मी मिष्टीचं आधीच विचारलं, तर माशीमा हसून म्हणाल्या होत्या, "आस्ते, मा, आस्ते." सावकाश, बाळ, सावकाश.

म्हणून पानं माशीमांच्या रीतीनं एकामागून एक उघडायची, आणि प्रत्येक पान आईच्या रीतीनं मांडायचं, असं ठरवलं. मुखपृष्ठावर उजवीकडे खाली फक्त एक रिकामा कप. बाकी पांढरं. ते पांढरं तसंच ठेवताना माझे हात शिवशिवत होते. एका कोपऱ्यात छोटंसं कमळ काढावं म्हणून मी ब्रश उचललाही. पेगनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या केसांत खोचून झोपायला गेली.

वरचा मजला, लांब टेबल

परीक्षेच्या दिवशी बर्फ पडला होता. साडीचा काठ भिजून जड झालेला, चष्म्यावर वाफ. लांब टेबलामागे तिघं. मिस हॅडली, एक तरुण गृहस्थ जे सतत पाइप पेटवत होते, आणि मधोमध विभागाचे प्रमुख, टक्कल पडलेले, भुवया मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. निर्णय त्यांचा.

त्यांनी माझं पत्रक हातात घेतलं. कप बघितला. उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं. मिस हॅडलींकडे बघितलं. त्या खिडकीबाहेरचा बर्फ बघत होत्या.

"हे पूर्ण झालेलं नाही," ते म्हणाले. "बाकीचं कुठे आहे?"

वडीलधाऱ्या पुरुषाला उलट उत्तर देण्याची मला शिकवण नाही. एरवी मी "हो, चुकलंच" म्हणाले असते, आणि ते खरं मानून त्यांनी तसं लिहूनही घेतलं असतं. तिकडे विनयाला कबुली समजतात. पण डोक्यात दोन रात्री वाढप चाललेलं होतं, आणि पंगतीत घाई करणाऱ्या पाहुण्याला जे म्हणतात तेच माझ्या तोंडून गेलं.

"आधी समोरचं संपवा. मग पुढचं वाढते."

पाइपवाल्यांचा पाइप विझला. प्रमुखांच्या भुवया वर गेल्या आणि बराच वेळ तिथेच राहिल्या. मला वाटलं, संपलं. अण्णा, संपलं. मग त्यांनी पुन्हा मुखपृष्ठाकडे बघितलं, या वेळी कपाकडे नाही, कपाभोवतीच्या पांढऱ्याकडे. आणि सावकाश पान उलटलं. आत आल्याचा तुकडा आणि साखर होती, तिसऱ्या पानावर उकळी, आणि शेवटच्या पानावर तोच कप, भरलेला. पत्रक मिटताना त्यांनी विचारलं, की यात दूध आधी घालतात की नंतर. मी म्हणाले, आमच्या आत्याला विचारावं लागेल, घरात निर्णय तिचा असतो.

निकाल दुपारी फळ्यावर लागला. मला ठेवलं होतं. नावापुढे सत्रभराच्या कामावर शेरा होता: "मनुष्याकृती फारच वाईट." तो शेरा आजही खरा आहे. पेगनं मला उचललं. खरोखर उचललं, ट्रंकेसारखं, आणि बर्फात उभं केलं. तिथून मी तडक तारघराकडे निघाले.

गार्डन रीच, माझ्या गैरहजेरीत

तार घरी पोचल्यानंतरचं मी पाहिलेलं नाही. आईनं सांगितलं, आणि आई गोष्टीत मीठमसाला घालायची, तेव्हा तो हिशेबात धरावा.

तारघरातलं तेवढं माझ्या डोळ्यांसमोरचं. तिथे त्या मुलीनं आधी लांबलचक मजकूर लिहिला होता. परीक्षकांच्या भुवयांसकट. मग तिला नवी खोड लागलेली, एकेक शब्द झाकून बघायला लागली. हा झाकला तर? हाही झाकला तर? खिडकीतला तारबाबू कंटाळून दुसऱ्याचं काम करायला लागला. शेवटी कागदावर एकच शब्द उरला, आणि भोवती पांढरं. तिला तो इतका सुंदर दिसला, की तिनं तसाच पाठवला.

"राहतेय."

इंग्रजीत, अर्थात. तार घरी आली तेव्हा घरात जेवणं चालली होती. आईनं खरकट्या हातानं ती धरली, पुढून बघितली, मागून बघितली, आणि पाकिटात काही राहिलंय का म्हणून पाकीट झटकलं. नमस्कार नाही, खुशाली नाही, खाली सही नाही. एवढ्या लांबून एकच शब्द पाठवते म्हणजे पोरीला बरं नाही, दुसरा लिहायची ताकद उरलेली नाही, असं म्हणून तिनं डोळ्यांना पदर लावला.

आत्याला मात्र आजाराचा संशय नव्हता. तिनं ताट सरकवलं आणि म्हणाली, "आजारी नाही, शेफारली आहे. चार महिन्यांत घरच्यांना चार शब्द लिहायला जड झाले. हेच शिकवतात वाटतं तिथे?"

अण्णांनी तार आईच्या हातातून घेतली. ती ताटाशेजारी, उजव्या हाताला, नीट सरळ करून ठेवली. त्यांनी मान वर केली, आणि आई सांगायची, त्यांचा तो आवाज तिनं लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला. कचेरीतला असावा. पुरता होता.

"हो ताई," अण्णा म्हणाले. "हेच. आणि आपली मुलगी त्यात पास झाली."